बाळाला बोन मॅरो ट्रान्सप्लान्ट सांगितलाय? जन्मजात प्रतिकारशक्तीच्या आजारासाठी पालकांचा वाटाड्या

एससीआयडी (जंतूंशी लढणाऱ्या टी-पेशी नसणं किंवा निकामी असणं), सीजीडी (पांढऱ्या पेशींना जंतू मारता न येणं), विस्कॉट-ऑल्ड्रिच, लॅड, फॅमिलिअल एचएलएच. यांतलं एखादं नाव तुमच्या मुलाच्या फाईलवर नुकतंच लिहिलं गेलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. माझ्या मुलाला सीजीडी होता. थोरल्या बहिणीचा बोन मॅरो (हाडांच्या आतला, रक्तपेशी बनवणारा मगज) जुळला आणि त्याचा ट्रान्सप्लान्ट झाला. मी डॉक्टर नाही. औषधांचे निर्णय तुमच्या टीमनेच घ्यायचे. पण कुठली तपासणी आधी करायची, कुणाला काय विचारायचं, कुठला दाखला कधी काढून ठेवायचा, हे ओपीडीच्या दहा मिनिटांत कुणी सांगत नाही. ते इथे लिहिते आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. घरातले सगळे 'ऑपरेशनचा दिवस' कधी, हेच विचारत राहतील. खरं तर तो दिवस सगळ्यात सोपा असतो. मुलाचं भवितव्य बरंचसं त्याआधीच्या आठवड्यांत ठरतं, ते त्या दिवशी अंगात इन्फेक्शन आहे की नाही यावर. अमेरिका-कॅनडातल्या २५ केंद्रांनी २००० ते २००९ या काळातल्या एससीआयडीच्या २४० बाळांची नोंद ठेवली होती. साडेतीन महिन्यांच्या आत ट्रान्सप्लान्ट झालेल्यांपैकी ९४ टक्के बाळं पाच वर्षांनंतर जिवंत होती. जी मोठी होती पण ज्यांना इन्फेक्शन झालंच नव्हतं, त्यांच्यात हा आकडा ९० टक्के होता. इन्फेक्शन होऊन बरं झालेल्यांत तो ८२ टक्क्यांवर आला. अंगात इन्फेक्शन असतानाच ज्यांचा ट्रान्सप्लान्ट करावा लागला, त्यांच्यात मात्र जवळपास निम्मीच वाचली. पुढच्या सगळ्या पायऱ्यांमागे हाच हिशोब आहे.

'हा प्रयोग आहे का हो?' असं कुणी विचारलं तर सांगा, अमेरिकेत १९६८ साली एससीआयडी असलेल्या तान्ह्या मुलाला त्याच्या बहिणीचा मॅरो देऊन पहिलं यश मिळालं होतं. भारतात टाटा मेमोरियलमध्ये १९८३ पासून बोन मॅरो ट्रान्सप्लान्ट होत आहेत.

१. आजाराचं नेमकं नाव मिळवा

'इम्युनिटी कमी आहे' हे निदान नव्हे. एससीआयडी आणि सीजीडी दोन्हींत इम्युनिटीच कमी असते, पण औषधं, घाई आणि ट्रान्सप्लान्टची पद्धत वेगळी असते.

आधी घरातला जुना सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचा) रिपोर्ट काढा. लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) टक्क्यांत लिहिलेले असतात. एकूण पांढऱ्या पेशींना त्या टक्क्यांनी गुणा. पेशी ८००० आणि लिम्फोसाइट २० टक्के असतील, तर आकडा येतो १६००. मोठ्या माणसाला तो ठीक आहे, त्यामुळे लॅबच्या कागदावर त्याच्यापुढे कुठलीही खूण नसते. तान्ह्या बाळाचा आकडा मात्र ३००० च्या खाली असेल तर डॉक्टरांना थेट विचारा. कित्येक एससीआयडीची बाळं याच एका ओळीत निसटतात.

पुढच्या तपासण्या साधारण अशा: इम्युनोग्लोब्युलिन (रक्तातल्या अँटिबॉडी, आयजीजी त्यातलीच एक), फ्लो सायटोमेट्री यंत्रावर टी, बी आणि एनके या लिम्फोसाइटच्या प्रकारांची मोजणी, सीजीडीचा संशय असेल तर डीएचआर टेस्ट (पांढऱ्या पेशींची जंतू मारायची ताकद पाहणारी), आणि शेवटी जीन टेस्ट. तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिल्या काही महिन्यांत बाळाच्या रक्तातलं आयजीजी हे बरंचसं आईकडून आलेलं असतं. तो आकडा बरा दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका.

डीएचआर आणि फ्लोला ताजं रक्त लागतं. गावातल्या लॅबने नमुना घेतला आणि कुरियरने दोन दिवसांनी पोचवला, तर रिपोर्टचा भरवसा धरता येत नाही. शक्य असेल तर बाळाला घेऊनच मोठ्या केंद्रात जा. मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. या आजारांच्या तपासण्यांचं देशातलं ते एक जुनं ठिकाण. त्याच परिसरात वाडिया बालरुग्णालयाचा इम्युनॉलॉजी विभाग आहे. उत्तरेत चंडीगडच्या पीजीआयचं नाव घेतलं जातं.

आणि सांगायला जड जातं, पण बाळ फार आजारी असेल तर डीएनएचा नमुना जपून ठेवायला सांगा. पुढच्या बाळंतपणात त्याचाच आधार असतो.

घराण्याची माहितीही काढा. 'आईचे दोन भाऊ लहानपणीच गेले' हे वाक्य आजीच्या तोंडून सहज निघून जातं, आणि डॉक्टरांसाठी तेच सगळ्यात महत्त्वाचं असतं. बरेचसे आजार आईकडून मुलग्यांकडे जातात. मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्न झालं असेल तर तेही न लाजता सांगा. कुणी तुम्हाला बोल लावणार नाही, आणि लावलाच तर ऐकू नका.

२. इन्फेक्शनला आजपासून दार बंद

निदान पक्कं व्हायची वाट पाहू नका. संशय आला की सुरू करा.

लसी: जिवंत जंतूंच्या लसी थांबवायच्या की कसं, हे लगेच विचारा. बीसीजी (क्षयाची), तोंडाची पोलिओ, रोटाव्हायरस (जुलाबाची) आणि एमआर (गोवर-रुबेला) या त्यातल्या. आपल्याकडे बीसीजी जन्मल्याबरोबर टोचतात, त्यामुळे ती बहुधा दिलेलीच असेल. टीमला तसं आवर्जून सांगा आणि डाव्या दंडाची जागा व काखेतली गाठ रोज बघा. व्रण चिघळला, गाठ वाढली, तर त्याच दिवशी फोन करा. ट्रान्सप्लान्टनंतर नवी प्रतिकारशक्ती जागी होते तेव्हाही ही जागा पुन्हा लाल होऊ शकते.

पोलिओचा दुसरा पदर सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. घरातल्या दुसऱ्या मुलाने तोंडाचा डोस घेतला, की त्याच्या शौचातून तो विषाणू काही आठवडे बाहेर पडतो. पल्स पोलिओच्या रविवारी ताई दारात येतील, बोटाला शाई लावायचा आग्रह धरतील. डॉक्टरांचं पत्र दाराजवळच ठेवा. भावंडांना पोलिओची इंजेक्शनची लस देता येते. घरातल्या सगळ्यांनी फ्लूची लस घ्यावी.

रक्त: बाळाला रक्त किंवा प्लेटलेट द्यायची वेळ आली, तर ते इरॅडिएटेड (किरणोत्सर्ग देऊन त्यातल्या पेशी निष्प्रभ केलेलं) आणि ल्युकोडिप्लिटेड (पांढऱ्या पेशी गाळून काढलेलं) असलं पाहिजे. टी-पेशी नसलेल्या बाळाला साधं रक्त दिलं, तर त्यातल्या परक्या पेशी बाळाच्याच शरीरावर उलटतात आणि ते जिवावर बेततं. छोट्या रुग्णालयात रात्री अडीच वाजता ही गोष्ट कुणालाच आठवणार नाही. म्हणून फाईलच्या पहिल्याच पानावर लाल पेनाने लिहा: 'इरॅडिएटेड रक्तच द्यावे. जिवंत लसी देऊ नयेत.' शिवाय आई, बाबा, भावंडं, काका, म्हणजे डोनर होऊ शकणाऱ्या कुणाचंही रक्त बाळाला आधी चढवू नका. बाळाचं शरीर त्यांच्याविरुद्ध तयार होऊ शकतं. काकांना राग येईल. येऊ द्या.

औषधं: सेप्ट्रान (जंतूंवरचं अँटिबायोटिक), बुरशीचं औषध आणि दर तीन-चार आठवड्यांनी आयव्हीआयजी (शिरेतून दिलेल्या अँटिबॉडी) ही ट्रान्सप्लान्टपर्यंतची नेहमीची तिकडी. सीजीडीत आयव्हीआयजी बहुधा लागत नाही. 'आता बरा दिसतोय' म्हणून डोस चुकवू नका. तो बरा दिसतोय तो डोसमुळेच.

आईचं दूध: आईला सीएमव्ही (एक विषाणू, निरोगी माणसाला सहसा त्रास न देणारा) होऊन गेला असेल तर तो दुधातून बाळात जाऊ शकतो. एससीआयडीच्या बाळाला अंगावर पाजायचं की नाही, हे तपासणी करून टीम ठरवते. स्वतःच्या मनाने पाजणं बंदही करू नका आणि सुरूही ठेवू नका.

घर: सीजीडीवाल्यांनी हे नीट वाचावं. अ‍ॅस्परजिलस ही बुरशी कुजक्या पाल्यात, ओल्या भुशात, कडब्यात आणि शेणखतात असते. निरोगी पोराला तिने काही होत नाही, सीजीडीच्या पोराला न्यूमोनिया होतो. म्हणजे मळणी, गोठा, गंजीवर खेळणं, अंगण सारवणं, कुंड्यांची माती बदलणं, सगळं बंद. सुट्टीला गावी न्यायचं असेल तर सुगीचे दिवस टाळा. शेजारी बांधकाम किंवा तोडफोड चालू असेल तर काही महिने जागाच बदला. आम्ही बदलली.

३. डोनर शोधा, आणि डोनरलाही तपासा

एचएलए टायपिंगला (पेशींवरच्या खुणा डोनरशी जुळतात का, ते पाहणाऱ्या तपासणीला) थोडं रक्त किंवा गालाच्या आतला कापसाचा बोळा पुरतो. सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता प्रत्येकी २५ टक्के असते. आई-बाबा सहसा निम्मे जुळतात. नात्यातल्या लग्नात चुलत-मावस भावंडंही कधीकधी पूर्ण जुळतात, म्हणून तिथे जाळं थोडं लांबवर टाका. रक्तगट जुळायची गरज नसते. ट्रान्सप्लान्टनंतर मुलाचा रक्तगट डोनरचा होतो.

भावंड जुळलं की घरात पेढे वाटायची घाई होते. थांबा. तेच जीन त्या भावंडातही असू शकतं. त्याची जीन टेस्ट किंवा डीएचआर झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. बहीण वाहक असू शकते, म्हणजे स्वतःला आजार नसला तरी सदोष जीन बाळगणारी. वाहक बहीण चालेल की नाही, हे तिच्या पेशींचं प्रमाण पाहून डॉक्टर ठरवतात.

घरात कुणी जुळलं नाही तर दात्री, डीकेएमएस इंडिया आणि मुंबईची मॅरो डोनर रजिस्ट्री या स्वेच्छा दात्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थांमार्फत देशात आणि परदेशात शोध घेता येतो. हा शोध ट्रान्सप्लान्ट केंद्रच सुरू करतं. शोधाला वेळ जातो. एससीआयडीच्या बाळाकडे तो नसेल तर आई किंवा बाबांच्या हाफ मॅचचा पर्याय आज बऱ्याच केंद्रांत खुला आहे. 'आधी रजिस्ट्रीतून बघू, मग हाफ मॅच' असं एकामागोमाग न करता दोन्ही विचार पहिल्याच भेटीत मांडा.

डोनर मुलगी असेल तर तुमच्या घरात एक चर्चा नक्की होणार: 'पोरीच्या पाठीत सुई घालणार, उद्या तिच्या बाळंतपणात त्रास झाला तर?' मॅरो कंबरेच्या मागच्या हाडातून काढतात, मणक्यातून नाही. पूर्ण भूल देतात, काही दिवस ती जागा दुखते आणि मॅरो काही आठवड्यांत भरून येतो. आजीला डॉक्टरांसमोरच बसवा, घरी समजावत बसू नका. आणि त्या पोरीशी तुम्ही स्वतः बोला. तिच्या वयाला झेपेल तेवढं, पण खरं.

जन्माच्या वेळी पैसे भरून साठवलेलं बाळाचं स्वतःचं नाळेतलं रक्त इथे उपयोगाचं नाही. त्यातही तोच दोष असतो. निरोगी, जुळणाऱ्या भावंडाचं असेल तर सांगा.

४. केंद्र निवडताना काय विचारायचं

वेल्लोरचं सीएमसी, चेन्नईचं अपोलो, चंडीगडचं पीजीआय ही या आजारांच्या ट्रान्सप्लान्टसाठी परिचित नावं. मुंबई-पुण्यातही केंद्रं आहेत. नावापेक्षा प्रश्नांची उत्तरं महत्त्वाची.

– कॅन्सरचे सोडून, प्रतिकारशक्तीच्या आजारांचे ट्रान्सप्लान्ट तुम्ही किती केलेत?
– हाफ मॅच कुठल्या पद्धतीने करता?
– हेपा फिल्टरची (हवेतले जंतू-बुरशी गाळणारी) खोली आहे का, आणि लहान मुलांचं आयसीयू त्याच इमारतीत आहे का?
– रक्त इरॅडिएट करायची सोय इथेच आहे का?
– सीएमव्ही, अ‍ॅडिनो, ईबीव्ही या विषाणूंचा पीसीआर रिपोर्ट किती दिवसांत येतो?
– रात्री ताप आला तर फोन कोण उचलतं?

पहिला प्रश्न उद्धटपणाचा वाटेल, तरी विचाराच. ब्लड कॅन्सरमध्ये डोनरच्या पेशींनी रुग्णाच्या उरलेल्या पेशींवर थोडा हल्ला केला तर फायदा असतो. आपल्या मुलांना त्या हल्ल्याचा काडीचाही उपयोग नाही, फक्त त्रास आहे. त्यामुळे किमोची मात्रा, जीव्हीएचडी (डोनरच्या पेशींचा मुलाच्या शरीरावरचा हाच हल्ला) टाळायची पद्धत, सगळं वेगळ्या विचाराने ठरतं.

एक सापळा: 'स्टेम सेल थेरपी'ची जाहिरात करणारी क्लिनिकं. सलाईनमधून स्टेम सेल देऊन ऑटिझमपासून गुडघ्यापर्यंत सगळं बरं करतो म्हणणाऱ्यांचा आणि आपल्या ट्रान्सप्लान्टचा काही संबंध नाही. जिथे एचएलए विचारत नाहीत, तिथून उठा.

५. पैसे आणि कागद

खर्च डोनरवर फिरतो. जुळणारं भावंड सगळ्यात स्वस्त, हाफ मॅच किंवा बाहेरचा डोनर बराच महाग. आणि अंदाजपत्रकात न दिसणारा खर्च पुढे येतो: विषाणूची औषधं, आयसीयू, रुग्णालयाजवळचं भाडं, एका पालकाचा बुडालेला पगार.

पहिलं दार केंद्र सरकारच्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणाचं. धोरण २०२१ चं. एकदाच्या उपचाराने बरे होणाऱ्या आजारांच्या गटात एससीआयडी, सीजीडी आणि विस्कॉट-ऑल्ड्रिचची नावंच आहेत. २०२२ पासून मदतीची मर्यादा ५० लाख रुपये आहे. मात्र नोंदणी ठरलेल्या उत्कृष्टता केंद्रातच होते. मुंबईत ते केईएम आहे. पैसे तुमच्या हातात येत नाहीत. समितीच्या मंजुरीला वेळ लागतो, म्हणून निदानाच्या आठवड्यातच नोंदणी करा.

बाकीची दारं: महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमच्या रुग्णालयात काय बसतं ते आरोग्यमित्राला (रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाला) विचारा. मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय सहाय्यता निधी आणि मोठे ट्रस्ट. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा विभागातल्या मॅडम किंवा सरांशी पहिल्याच दिवशी ओळख करून घ्या. माझ्या मते या प्रवासात डॉक्टरांच्या खालोखाल महत्त्वाचं माणूस तेच.

सापळा असा की भरून टाकलेल्या बिलाची भरपाई हे निधी सहसा देत नाहीत. आधी मंजुरी, मग भरणा.

फाईलमध्ये हे असू द्या, प्रत्येकाच्या बऱ्याच झेरॉक्स काढून:

– बाळाचा जन्मदाखला. आधार निघालं नसेल तर आईचं आधार
– रेशन कार्ड
– तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला
– रुग्णालयाच्या सही-शिक्क्याचं खर्चाचं अंदाजपत्रक
– निदानाचे मूळ रिपोर्ट, जीन टेस्ट, एचएलए रिपोर्ट
– लसीकरण कार्ड
– डोनरचं आधार आणि नात्याचा पुरावा
– बाळाचे फोटो, बँक पासबुक

नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे ना, ते आजच बघा. जन्मदाखल्यावर 'बेबी ऑफ' आणि आधारवर पाळण्यातलं नाव, इथे अर्ज अडतात. विमा असेल तर जन्मजात आजाराचं कलम वाचा आणि उत्तर ईमेलवर लेखी घ्या.

६. भरतीआधी

दातांची तपासणी, सीटी स्कॅन, सेंट्रल लाइन (औषधं आणि रक्त द्यायला मोठ्या शिरेत बसवलेली नळी). किमोचा पुढे मूल होण्यावर काय परिणाम होऊ शकतो, हेही विचारून घ्या. प्लेटलेटसाठी नात्याबाहेरच्या, मित्रमंडळातल्या दात्यांची यादी फोन नंबरांसह करा. धर्मशाळा या दिवसांत चालते. डिस्चार्जनंतर मात्र स्वतंत्र खोली, स्वतंत्र संडास आणि रुग्णालयापासून अर्ध्या तासाच्या आतलं घर लागतं. ते आत्ताच बघून ठेवा.

७. वॉर्डातले दिवस

दिवस उणे आकड्यांनी मोजले जातात: उणे आठ, उणे सात. या दिवसांत किमो चालते, जुना मॅरो रिकामा करायला. एससीआयडीच्या काही बाळांना ती लागत नाही किंवा कमी लागते. मग 'डे झिरो'. एक पिशवी येते, रक्तासारखीच चढते, संपते. बघायला आलेले नातेवाईक विचारतात, 'एवढंच?'

खरी परीक्षा त्यानंतरची. तोंड आतून सोलतं, गिळता येत नाही, पोर थुंकीही बाहेर सोडतं. नळीने दूध देणं म्हणजे तुमचं अपयश नव्हे. केस जातात. पांढऱ्या पेशींचा काउंट शून्यावर असतो आणि रोज सकाळी सगळा मजला एकच प्रश्न विचारतो, 'आज किती?' न्यूट्रोफिल (जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिले की मॅरो रुजला असं धरतात. साधारण दोन ते चार आठवडे लागतात.

अंगावर पुरळ, विशेषतः तळहात-तळपायांवर, पातळ हिरवट शौच, पिवळे डोळे ही जीव्हीएचडीची चिन्हं. डायपरचा फोटो काढून डॉक्टरांना दाखवायला संकोच करू नका. वजन रोज लिहा. एकाएकी वाढलं आणि पोट फुगलं तर लगेच सांगा, यकृताचा त्रास असू शकतो.

खोलीत एकच माणूस राहतो. आई-बाबांनी पाळ्या आधीच ठरवा. अंगारा, प्रसादाची फुलं, तीर्थ खोलीत येऊ देऊ नका. आमच्याकडे अंगाऱ्याची पुडी आजोबांच्या खिशात राहिली आणि देवाने काही मनावर घेतलं नाही.

८. घरी आल्यावरचे महिने

शंभराव्या दिवसापर्यंत गावाचं नाव काढू नका.

ताप १००.४ फॅरनहाइट झाला की पॅरासिटामॉल देऊन वाट बघायची नाही. आधी फोन, मग गाडी. लाइन असताना तर तासाभरात रुग्णालयात.

सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमसची (प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं) रक्तातली लेव्हल तपासायच्या दिवशी सकाळचा डोस रक्त दिल्यानंतर द्यायचा. बाटली मात्र सोबत न्या. आधी औषध पाजलं तर आकडा खोटा वाढतो, त्यावरून डोस कमी केला जातो आणि जीव्हीएचडीला वाट मिळते. या औषधांवर असताना पपनस आणि ग्रेपफ्रूट द्यायचं नाही, औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं. आयुर्वेदिक काढे, गुळवेल, 'इम्युनिटी बूस्टर' यांतलं काहीही डॉक्टरांना न विचारता नको. आपण मुद्दाम दाबून ठेवलेली प्रतिकारशक्ती चेतवायची नसते.

जेवण ताजं, कुकरमध्ये शिजलेलं, दोन तासांच्या आत संपवलेलं. वरणभात, मऊ खिचडी, शिजवलेली भाजी, घट्ट उकडलेलं अंडं चालतं. कोशिंबीर, कच्ची मोड आलेली मटकी, बाहेरचं दही-ताक, लोणचं, ओल्या खोबऱ्याची कच्ची चटणी, उसाचा रस टीमने परवानगी देईपर्यंत बंद. पाणी उकळून गार केलेलं. साल काढता येणारी फळं धुऊन, सोलून.

उन्हात नेताना पूर्ण बाह्या आणि टोपी घाला. उन्हाने त्वचेचा जीव्हीएचडी उफाळतो. गणपतीत आरतीला घर भरतं. त्या वर्षी व्हिडिओ कॉलवर आरती करा. बघायला येणाऱ्यांना नाही म्हणायचं काम घरातल्या एकाच खमक्या माणसाकडे द्या.

९. रुजलं का, लसी आणि पुढचं बाळ

कायमेरिझम म्हणजे रक्तात डोनरच्या पेशी किती टक्के आहेत, याची टेस्ट. आमच्यासारख्या आजारांत शंभर टक्केच हवेत असं नाही. आकडा थोडा घसरला म्हणून रात्र जागून काढू नका, पण सलग घसरत असेल तर ठरलेल्या तारखेआधी भेटा.

जुन्या लसी पुसल्या जातात. निर्जीव लसी साधारण सहा ते बारा महिन्यांनी नव्याने सुरू होतात. एमआरसारख्या जिवंत लसी दोन वर्षं उलटल्यावर, तेही दाबणारी औषधं बंद असतील तरच. अंगणवाडीच्या ताईंना आणि शाळेला हे पत्रावर द्या, आणि वर्गात कांजिण्या निघाल्या तर त्याच दिवशी कळवायला सांगा.

दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर आधी जेनेटिक काउन्सेलरला भेटा. घरातला जीनमधला दोष नेमका माहीत असेल तर गर्भाची तपासणी ११ ते १३ आठवड्यांत वारेच्या तुकड्यावरून किंवा १६ आठवड्यांनंतर गर्भजलावरून करता येते. अनुवंशिक आजारासाठी ही तपासणी कायद्याला मान्य आहे, पण नोंदणीकृत केंद्रातच. तिथे मुलगा की मुलगी हे सांगत नाहीत, विचारूही नका. आजार आईकडून येणारा असेल तर मावशा आणि मावसबहिणींनाही वाहक-तपासणीबद्दल सांगा. त्यातली एखादी गरोदर असेल तर तिच्या डॉक्टरांना आत्ताच कळवायला हवं. बाळ जन्मल्याबरोबर बीसीजी थांबवायची, नाळेतून तपासणीचं रक्त घ्यायचं, आणि पहिल्याच दिवशी लिम्फोसाइट मोजायचे.